सरल व संयुक्त कर्बोदके : प्रमेहपथ्याच्या दृष्टीने काही विचार

प्रमेही रुग्णास पथ्य सांगावयाचे झाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या मुखी पहिले वाक्य येते ते 'साखर बंद करा' हे. रुग्णही ते निष्ठेने पाळतो. चहा बिनसाखरेचा होतो, सणाच्या पक्वान्नास दुरूनच नमस्कार होतो. परंतु एकादशीस व चतुर्थीस साबुदाण्याची खिचडी दोन्ही वेळा होते आणि साखरेऐवजी गूळ 'आयुर्वेदिक' म्हणून निर्धास्तपणे घेतला जातो. रक्तशर्करा उतरत नाही, तेव्हा दोष औषधाच्या माथी येतो. म्हणून कर्बोदकांची आधुनिक विभागणी आणि तिची मर्यादा, दोन्ही वैद्याने जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्लुकोज, फ्रुक्टोज या एकशर्करा आणि उसाची साखर, दुधातील लॅक्टोज या द्विशर्करा मिळून सरल कर्बोदके होतात. धान्ये, कडधान्ये व कंद यांतील स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य रेणूंची साखळी. ते संयुक्त कर्बोदक होय. तंतूही याच वर्गात मोडतात, मात्र आपले पाचकस्राव त्यांचे विघटन करू शकत नाहीत. या हिशेबाने गूळ सरल गटातच बसतो, कारण त्यात मुख्यत्वे उसाचीच साखर असते. चरकाचार्यांनीही प्रमेहहेतूंत नवान्नाबरोबर गुडविकार सांगितलेले आहेत. तेव्हा गुळाच्या सवलतीस ना रसायनशास्त्राचा आधार, ना संहितेचा.

साबुदाण्याची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. टॅपिओकाच्या कंदातील स्टार्च काढून तो तयार होतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात. प्रथिने व तंतू नाममात्रच. नावाने तो संयुक्त खरा, पण तंतूंचे आवरण गेलेला आणि शिजून फुललेला हा स्टार्च त्वरेने पचतो व रक्तातील ग्लुकोज झपाट्याने वाढवितो. केवळ रेणूच्या लांबीवरून निर्णय करता येत नाही, हे जाणूनच १९८१ साली टोरांटो येथील डेव्हिड जेन्किन्स व सहकाऱ्यांनी 'ग्लायसेमिक इंडेक्स' ही कल्पना मांडली. खिचडीतील दाण्याच्या कुटामुळे हा वेग थोडा मंदावतो. साखर घातलेल्या साबुदाण्याच्या खिरीस तेवढाही आधार नाही. उपवास मोडावयाचा नसेल तर वरईच्या मोजक्या भाताबरोबर शेंगदाण्याची आमटी व ताक सुचवावे. याउलट यवाच्या, म्हणजे सातूच्या, दाण्यातील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू आतड्यात चिकट द्रव बनवून शोषण सावकाश करतो. प्रमेहचिकित्सेत यवास मिळालेला मान या दृष्टीनेही पाहण्यासारखा आहे.

येथे एक सावधगिरी. सरल म्हणजे लघु व संयुक्त म्हणजे गुरु, असे समीकरण काही लेखांतून मांडले जाते. ते आम्हांस मान्य नाही. मुगातील कर्बोदके बहुतांशी संयुक्त, तरीही मूग लघु. गुरुलाघवाचा विचार अग्नी, मात्रा व संस्कार यांच्या अपेक्षेने होतो, रेणूंच्या मोजणीने नव्हे. तसेच संहितेतील 'पिष्टमय' म्हणजे पिठाचे पदार्थ. आजच्या पाठ्यपुस्तकांतील 'पिष्टमय पदार्थ' या शब्दाशी त्याची गल्लत करू नये.

आता सर्वांत निकडीची बाब. अनेक रुग्ण आपल्या औषधांसोबत इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेत असतात. उपवासाच्या दिवशी, विशेषतः निरंकार उपवासात, त्यांची रक्तशर्करा एकाएकी घसरू शकते. मूळ औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा रुग्णास उपवासाची अनुमती देऊ नये. घाम, कंप, भोवळ ही लक्षणे दिसताच तेथे भाकरी कामाची नाही. सरल शर्कराच हवी. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, साखर वा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी, आणि ती सावरल्यावर मग भाकरी किंवा भात द्यावा. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालयात न्यावे. 'साखर म्हणजे विष' असे मनावर ठसलेला रुग्ण नेमका याच क्षणी ती घेण्यास कचरतो. म्हणून पथ्यपत्रक हाती देतानाच खिशात साखरेची पुडी ठेवण्यास त्यास सांगावे, आणि ती केव्हा घ्यावयाची हे घरच्यांसही समजावून द्यावे.