थर, टाका आणि ऊब : झाडीपट्टीतील बाळाच्या दुपट्याचा विचार

मराठी समीक्षेत 'गोधडी' हा शब्द रूपक म्हणून सहजपणे योजला जातो. निरनिराळ्या आठवणींचे तुकडे एकत्र आणणाऱ्या आत्मकथनाला, अनेक निवेदकांच्या कादंबरीला किंवा लोकभाषांच्या सरमिसळीला गोधडीची उपमा दिली, की रचनेसंबंधी काही नेमके सांगितले गेले असे वाटू लागते. वस्तूच्या पातळीवर मात्र गोधडी बहुधा दोनच अर्थांनी साहित्यात येते : एक दारिद्र्याची खूण म्हणून आणि दुसरी आईच्या मायेची खूण म्हणून. या तिन्ही उपयोगांत गोधडी कशी शिवली जाते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला असता रूपकाचा आशयच बदलतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी गोधडीचे सर्वांत लहान आणि सर्वांत साधे रूप, म्हणजे नवजात बाळासाठी शिवले जाणारे दुपटे, विचारार्थ घेतले आहे. प्रदेश गोंदिया जिल्ह्याचा आहे. मात्र दुपट्याची परंपरा एका जिल्ह्याच्या सीमेत मावणारी नाही, हेही आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे.

१. प्रदेश आणि शब्द

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून होणाऱ्या वनप्रदेशाला 'झाडीपट्टी' म्हणतात. धानाची शेती, तलाव आणि जंगल ही या प्रदेशाची तीन ठळक लक्षणे होत. धानाची कापणी आणि मळणी संपत येते त्याच सुमारास येथे थंडीचा जोर वाढतो. हिवाळ्यात किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी वारंवार होतात. उन्हाळ्याच्या तीव्रतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या विदर्भाची ही दुसरी बाजू आहे. मार्गशीर्ष-पौषात जन्मलेल्या बाळाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची ठरते.

जिल्ह्याच्या उत्तरेस बालाघाट आणि पूर्वेस छत्तीसगढ असल्याने येथे झाडीबोलीबरोबर पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी यांचा शेजार आहे. झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करणारे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या कार्यामुळे या बोलीची ध्वनिवैशिष्ट्ये अभ्यासकांना परिचित झाली आहेत. प्रमाण मराठीतील 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येणे हे त्यांपैकी एक. या नियमाने 'वाकळ'चे रूप 'वाकर' आणि 'बाळ'चे रूप 'बार' असे अपेक्षित ठरते. शब्दाचा उच्चार असा बदलत असला तरी वस्तूची ओळख बदलत नाही.

गोधडी, वाकळ आणि दुपटे हे शब्द एकमेकांच्या जवळचे असले तरी समानार्थी नाहीत. गोधडी अंथरण्याची आणि पांघरण्याचीही असते. वाकळ या शब्दाला जाडेभरडेपणाची छटा आहे. दुपटे मात्र बाळाचे. 'दु' आणि 'पट' या घटकांत दोन घड्या आणि दोन वस्त्रे असे दोन्ही अर्थ ऐकू येतात. बाळंतविड्यात झबले, टोपडे, कुंची यांच्या सोबत दुपट्याचे स्थान ठरलेले आहे. झबले आणि टोपडे नव्या कापडाचे शिवले तरी चालते. दुपट्यासाठी मात्र जुनेर शोधले जाते. हा भेद लक्षणीय आहे.

२. कृती

जुनेर म्हणजे वापरून विरलेले लुगडे किंवा धोतर. नव्या सुती कापडात खळ असते आणि सूत ताठ असते. अनेक वर्षांच्या धुण्याने खळ निघून जाते, धागा मऊ पडतो आणि कापडाची पाणी शोषण्याची शक्ती वाढते. बाळाच्या त्वचेला हेच मानवते. म्हणजेच जुन्या कापडाची निवड केवळ काटकसरीपोटी होत नाही. तो गुणाचा विचार आहे.

नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते. काठ, पदर आणि फाटका भाग वगळला, तर मीटरभर लांबीचे पाच-सहा तुकडे हाती लागतात. काठ बोचतो, त्यात जर असेल तर अधिकच बोचतो. म्हणून तो उसवून वेगळा केला जातो. धुऊन उन्हात वाळवलेले हे तुकडे सपाट जमिनीवर एकावर एक अंथरतात. सर्वांत मऊ तुकडा बाळाच्या अंगाकडे आणि धड तुकडा बाहेरच्या अंगाला ठेवतात. जेथे कापड फार विरले आहे असे तुकडे मधल्या थरांत जातात. चुणी राहू नये म्हणून थर हाताने ताणून बसवावे लागतात. त्यानंतर लांब लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरले जातात आणि कडा आत दुमडून पक्क्या शिवणीला आरंभ होतो.

ही शिवण धावदोऱ्याची. शिवणकामातील टाक्यांत हा सर्वांत साधा. मूल शिवणे शिकते ते याच टाक्याने. ओळी समांतर घालतात किंवा कडेकडून आत, चौकोनात चौकोन अशा नेतात. गाठ बाहेर राहिली तर ती बाळाला रुतते, म्हणून ती थरांच्या आत लपवली जाते.

खरे कौशल्य दोन ओळींमधील अंतर ठरवण्यात आहे. ऊब कापडातून निर्माण होत नाही. थरांमध्ये अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ऊब राहते. ओळी फार जवळ घातल्या तर थर दाबले जातात, हवा निघून जाते आणि दुपटे जड होऊनही उबदार होत नाही. ओळी फार दूर घातल्या तर दोन-चार धुण्यांतच आतले थर सरकून एका बाजूला गोळा होतात. बाळाचे वस्त्र रोज धुतले जाणारे असल्याने हा दुसरा धोका मोठा असतो. धरून ठेवणे आणि मोकळे सोडणे यांतील हे प्रमाण मोजपट्टीने सांगितले जात नाही. ते बोटांना कळते.

३. तुकडा की थर?

या कृतीच्या आधारे समीक्षेतील रूपकाकडे परत वळता येते. अमेरिकन स्त्रीवादी समीक्षेत तुकड्यांच्या गोधडीला मोठे स्थान मिळाले. एलेन शोवॉल्टर यांनी आपल्या १९९१ सालच्या 'सिस्टर्स चॉइस' या ग्रंथाचे नावच गोधडीच्या एका नमुन्यावरून घेतले आणि स्त्रियांच्या लेखनपरंपरेचा विचार तुकडे जोडण्याच्या कलेशी जोडून केला. त्या परंपरेत लहान लहान तुकडे सांधून आकृतिबंध तयार करणे ही एक स्वतंत्र अवस्था असते. थर एकत्र शिवणे ही त्यानंतरची. समीक्षेचे लक्ष प्रामुख्याने पहिल्या अवस्थेकडे गेले, हे तेथील वस्तूला धरूनच होते.

बंगालमध्ये स्थिती वेगळी आहे. तेथील कंथाही जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून होते. परंतु नक्षी कंथेवर पाने, फुले, प्राणी आणि प्रसंग यांची चित्रे काढली जातात. जसीमुद्दीन यांचे 'नक्षी कांथार माठ' हे १९२९ सालचे कथाकाव्य अशा कंथेवर आपली कहाणी भरणाऱ्या नायिकेभोवती रचले आहे. तेथे कंथा खरोखरीच वाचता येणारा मजकूर होते. बिहारमधील सुजनी हीसुद्धा मूळची नवजात बाळासाठी जुन्या कापडांची शिवण. चिंध्यांची देवता मानल्या गेलेल्या चितिरिया माँशी तिचा संबंध सांगितला जातो.

साध्या दुपट्यावर मात्र चित्र नसते आणि तुकड्यांचा आकृतिबंधही बहुधा नसतो. तेथे 'मजकूर' शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती केवळ समांतर ओळी येतात. उसन्या रूपकाची मर्यादा येथे उघड होते. दुपट्याचे सार तुकड्यांच्या विविधतेत नसून थरांच्या एकत्र राहण्यात आहे. आणि थरांपैकी बहुसंख्य थर दिसतच नाहीत. पाच थरांच्या दुपट्यात तीन थर कायमचे आत जातात. ऊब मात्र त्यांच्यामुळेच टिकते. मराठी भाषेनेही हा भेद राखला आहे. 'ठिगळ' हा शब्द मराठीत गौरवाचा नाही. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे कोठे लावणार, या म्हणीत ठिगळ हे असमर्थतेचेच चिन्ह आहे. दुपटे ठिगळांनी बनत नाही. ठिगळ उणीव झाकते. थर भर घालतो.

४. जुनेर कोणाचे?

जुन्या कापडाचे वस्त्र भारतीय परंपरेत आणखी एका ठिकाणी भेटते. कंथा हे विरक्ताचे वस्त्र. बौद्ध परंपरेतील पांसुकूल चीवर हे टाकून दिलेल्या, मालक नसलेल्या चिंध्यांचे असते. कोणाचीही मालकी उरली नाही हाच त्या कापडाचा गुण. दुपट्यात नेमके याच्या उलट घडते. येथील कापड कोणाचे ते घरात सर्वांना ठाऊक असते : आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, आईची साडी. संन्याशाचे वस्त्र नात्यांतून बाहेर नेते, तर बाळाचे वस्त्र नात्यांत आणून निजवते. तंत्र जवळपास एकच, अर्थ परस्परविरोधी. वस्तूचा अर्थ तिच्या रूपात नसून तिच्या सामग्रीच्या इतिहासात असू शकतो, हे यावरून दिसते.

तथापि या मायेच्या वाचनाला एक मर्यादा घालणे भाग आहे. दुपट्यासाठी जुने कापड शिल्लक असावे लागते. आणि जुने कापड शिल्लक राहते ते नवे घेता आले तरच. जिच्याजवळ अंगावरचे एकच लुगडे आहे, तिचे लुगडे जुनेर होण्यापूर्वीच संपते. 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) यांनी मराठी वाचकाला अभावाचे जे जग दाखवले, तसेच बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतिणीच्या उपासमारीचे आणि हालांचे जे चित्रण येते, ते ध्यानात घेतले म्हणजे गोधडीला सरसकट दारिद्र्याचे प्रतीक मानणे किती अपुरे आहे हे कळते. पाच थरांचे दुपटे ही गरिबीतील, पण गरिबीच्या तळापासून काहीशी वरची वस्तू आहे. तळाशी चिंधीही दुर्मीळ असते. 'माया' हा शब्द योजताना समीक्षेने हा स्तरभेद विसरता कामा नये.

५. ऊब आणि जगणे

बाळाची ऊब हा केवळ भावनेचा विषय नाही, याची साक्ष झाडीपट्टीतूनच मिळते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा देण्याचा प्रयोग केला. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी ही सेवा दिली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. श्वासरोध आणि जंतुसंसर्ग यांवरील उपचारांबरोबर बाळाला उबदार ठेवणे हा त्या सेवेचा भाग होता. २०११ पासून 'आशा' कार्यकर्तीमार्फत देशभर सुरू झालेल्या गृहाधारित नवजात सेवेच्या साहित्यात तापमापक आणि वजनकाटा यांच्या जोडीला बाळाचे ब्लँकेट आहे, ही गोष्ट बोलकी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे नवजात बाळाचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला थंडावा आला असे मानले जाते. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरणे हा त्यावरील पहिला उपाय, वस्त्र त्यानंतरचे. ओले दुपटे ऊब देत नाही, उलट ती काढून घेते. जड पांघरूण निजलेल्या बाळाच्या तोंडावर येणे धोक्याचे असते. परंपरेच्या गौरवात हे ज्ञान झाकले जाऊ नये. मऊ, शोषक, हलके आणि रोज धुता येणारे दुपटे या ज्ञानाशी विसंगत नाही. मात्र त्यामागील कारणे जाणूनच ते वापरावे लागते.

येथेच आजचा पेच उभा राहतो. नऊवारी सुती लुगड्याची जागा मोठ्या प्रमाणावर कृत्रिम धाग्याच्या पाचवारी साडीने घेतली आहे. असे कापड वर्षानुवर्षे धुतले तरी सुतासारखे मऊ पडत नाही, पाणी शोषत नाही आणि थरांत निसटत राहते. म्हणजे आजीची साडी उपलब्ध असते, पण ती दुपट्याच्या कामाची नसते. नाते टिकले, तरी सामग्री बदलली. दुपटे विकत आणले जाते याचे कारण मायेचा ऱ्हास, असा निष्कर्ष काढण्याची घाई करणाऱ्यांनी कापडाचा हा इतिहास आधी पाहावा.

६. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, गोधडी हे रचनेचे रूपक म्हणून वापरताना तुकड्यांच्या जोडणीऐवजी थरांच्या धारणेकडे लक्ष देणे मराठी वस्तूला अधिक धरून होईल. दुसरी, जुनेर हे दारिद्र्य किंवा माया यांपैकी एकाचे चिन्ह नसून ते कोणाकडे शिल्लक राहिले आणि कोणाकडे नाही, या सामाजिक प्रश्नाकडे नेणारे आहे. तिसरी, या वस्तूचे मूल्य तिच्या उपयोगापासून वेगळे करता येत नाही. दुपटे भिंतीवर टांगण्यासाठी शिवलेले नसते. ते भिजण्यासाठी, धुतले जाण्यासाठी आणि अखेर विरून जाण्यासाठी शिवलेले असते.

यामुळेच जुनी दुपटी संग्रहालयांत फारशी आढळत नाहीत आणि त्यांचा अभ्यास कागदपत्रांच्या आधारे करता येत नाही. झाडीपट्टीतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना मात्र तो घरच्या ओसरीवर बसून करता येण्याजोगा आहे. कापड कोणाचे होते, थर किती घातले, टाक्यांतील अंतर कसे ठरले आणि त्या वेळी कोणते शब्द वापरले गेले, एवढे चार प्रश्न शिवणारीला विचारून तिच्याच बोलीत नोंदवले, तरी शब्दकोशाला आणि समीक्षेला उपयोगी पडेल अशी सामग्री हाती येईल. सुती लुगडी नेसलेली आणि हाताने दुपटी शिवलेली पिढी आज वृद्ध झाली आहे. हे काम तिच्या हयातीतच होणे अगत्याचे आहे.