पांढरं कच्चं नको

तालमीत कच्ची अंडी दुधात फोडून पिण्याची रीत जुनीच. आता ती जिमच्या शेकरमध्ये आली आहे, पण बलक टाकून नुसतं पांढरं प्यायचं, हा बदल घेऊन. मला काळजी वाटते ती या बदलाची. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. एका अंड्यात ते दोन मिलिग्रॅमही भरत नाही, पण त्याचा एक रेणू बायोटिनचे चार रेणू पकडतो. ही पकड पचनातही सुटत नाही, त्यामुळे बायोटिन रक्तात न जाता मलावाटे निघून जातं. प्रौढ माणसाला हे ब जीवनसत्त्व दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. अंड्यात ते असतं मुख्यतः बलकात, आणि तोच आपण फेकतो.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस यांनी १९२७ मध्ये उंदरांना वाळवलेलं कच्चं पांढरं खाऊ घातलं, तेव्हा त्यांची कातडी सोलवटली, केस झडले. १९४२ मध्ये सिडनस्ट्रिकर आणि सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना बायोटिन कमी असलेला आहार देऊन त्यातली ३० टक्के ऊर्जा पांढऱ्यातून पुरवली. काही आठवड्यांत त्यांची त्वचा कोरडी पडून खवले निघू लागले. पुढे स्नायू दुखू लागले, भूक मेली, मन खचलं. बायोटिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती माणसं सावरली.

‘एवढं पांढरं खातो कोण?’ हा आक्षेप रास्त आहे. एखाद्या कच्च्या अंड्यानं कुणाचे केस गळत नाहीत. शेंगदाण्यांतून, डाळींतून बायोटिन मिळतच असतं. जुने पैलवान तगले तेही अख्खं अंडं आणि सोबतचा भरपूर खुराक यांच्या बळावर, असं मला वाटतं. पण रोज पाच-सहा कच्ची पांढरी, बाकी आहार तोलून-मापून, आणि हे महिनोन्महिने, असं चाललं तर हिशेब फिरतो. शिवाय ज्या प्रथिनासाठी हा खटाटोप, ते तरी कुठे नीट मिळतं? बेल्जियममधल्या १९९८ च्या अभ्यासात शिजलेल्या अंड्याचं प्रथिन सुमारे ९१ टक्के पचलं, कच्च्याचं जेमतेम ५१ टक्के. साल्मोनेलाचा धोका वेगळाच.

पाश्चराइज केलेलं बाटलीतलं पांढरं घेतलं की झालं, असंही काही जण म्हणतात. त्यानं जंतू मरतात, ॲव्हिडिन नाही. पाश्चरायझेशनला साठ अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. ॲव्हिडिन मोडायला पंच्याऐंशीच्या घरात जावं लागतं. हाफ फ्रायमध्ये बलकाभोवती जो पारदर्शक, थरथरता थर उरतो, तिथे ते बऱ्याच अंशी शाबूत असतं. म्हणून पांढरं सगळीकडे घट्ट, अपारदर्शक होईपर्यंत शिजवा. उकडताना पाण्याला उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं द्या. बलक मऊ राहिला तर ॲव्हिडिनच्या दृष्टीनं बिघडत नाही.

राहिला गोळीचा मार्ग. केसांसाठी विकली जाणारी १० मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी म्हणजे रोजच्या गरजेच्या तीनशेपटीहून जास्त. रक्ताच्या अनेक तपासण्या ॲव्हिडिनच्याच जातकुळीतल्या स्ट्रेप्टॲव्हिडिनवर चालतात, आणि रक्तात बायोटिन उतू जात असेल तर त्या चुकतात. थायरॉइडचे आकडे भलतेच येतात. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये तसा इशाराच दिला. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना मात्रेसकट सांगा. किती दिवस आधी थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्या.