चतुर्थीला येणाऱ्या पुतण्यास



मुंबई ते मालवण हे अंतर महामार्गाने सुमारे ५०० किलोमीटर भरते. मोटरसायकलवर, एकट्याने, चतुर्थीच्या गर्दीत हा पुऱ्या एका दिवसाचा प्रवास आहे, रात्रीचा नव्हे. चिरंजीव कचेरी सुटल्यावर संध्याकाळी निघून पहाटे दारात उभा राहणार, अशी बातमी वाडीतल्या चाकरमान्यांकडून घरी पोचली आहे. खोटी असेल तर उत्तम. खरी असेल तर पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

तयारी आदल्या दिवशी करावी. टायरची नक्षी झिजली असेल तर तो बदलावा. ओल्या डांबरावरचे पाणी कापणे हेच नक्षीचे काम. साखळीचा ताण, ब्रेक आणि दोन्ही दिवे पाहावेत. हेल्मेट आयएसआय खुणेचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळावा. सैल हेल्मेट माणूस पडण्याच्या क्षणीच डोक्यावरून निघून जाते. सामान गाडीला बांधावे, पाठीवर घेऊ नये.

निघावे पहाटे, पुरी झोप झाल्यावर. दर दीड तासाने गाडीवरून उतरावे, पाणी प्यावे. महाडला न्याहारी, चिपळूणच्या आसपास जेवण, ही घरातली जुनी रीत. चौपदरीकरण अपुरे आहे तिथे खडी पसरलेली असते आणि रस्ता अचानक दुसऱ्या अंगाला वळवलेला असतो. एबीएसमुळे चाक जखडत नाही, पण सुट्या खडीवर गाडी लवकर थांबेल अशी हमी त्यात नाही.

रात्र का टाळावी, हे सविस्तर सांगणे भाग आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचे दिसून हात ब्रेकवर दाबेपर्यंतच एवढे अंतर सरते, थांबणे त्यानंतर. पावसात समोरच्या दिव्यांचा उजेड हेल्मेटच्या काचेवरील थेंबांत फुटतो आणि काही काळ काहीच दिसत नाही. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर आपणहून झोप मागते. चहाने ती थोडी लांबते, जात नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीच पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. पुढे पूल उरलेला नाही, हे अंधारात आणि पावसात कळावे कसे?

खारेपाटणला सिंधुदुर्ग जिल्हा लागतो आणि घर आले असे वाटू लागते. खरी सावधगिरी तिथूनच हवी. दमलेला माणूस ओळखीच्या रस्त्यावर वेग वाढवतो. कसालच्या तिठ्यावर महामार्ग सोडला की कट्टा, कुंभारमाठ असा अरुंद, वळणांचा रस्ता आहे. पावसात जांभ्याची तांबडी माती डांबरावर वाहून येते आणि तिच्यावर चाक घसरते. गुरे चिखलातून उठून रस्त्यावर येऊन बसतात. काळ्या म्हशीला दिवा नसतो. थोरल्या काकांच्या पायात सळी कुठल्या वळणावर आली, हे घरात पोराटोरांनाही ठाऊक आहे. तीही रात्रच होती.

वाटेत कोणी पडलेला दिसला तर थांबावे, १०८ वर कळवावे. मदत करणाऱ्याला पोलिसी त्रास होऊ नये अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीमुळे मोटार वाहन कायद्यातच आहे.

धाकट्या काकानेही विशीत कोल्हापुराहून फोंडा घाट रात्री उतरण्याची हौस पुरवून घेतली होती. तेव्हा घरी फोन नव्हता. आजी उजाडेपर्यंत पडवीत बसून होत्या. सकाळी त्यांनी फक्त चहा पुढे ठेवला. त्या रात्रभर जाग्या होत्या, हे काकाला कळले ते आजी गेल्यावर, तुझ्या आत्याकडून. तोवर त्यांना काही सांगायची वेळ निघून गेली होती. आता त्याच पडवीत चिरंजीवाची आई बसेल.

एवढे लिहिले म्हणून राग धरू नये. गाडी चिरंजीव नीट चालवतो, हे वाडीत सगळे मानतात. भीती त्याच्या हाताची नाही, अंधाराची आहे. वाटेत सूर्य मावळला तर असेल त्या गावी मुक्काम करावा. राजापुरात, कणकवलीत खोली मिळेल. न मिळाली तर फोन करावा, काका चारचाकी घेऊन येईल, कितीही वाजलेले असोत. आपला गणपती पाच दिवसांचा आहे. पहिली आरती चुकली तर दुसरी आहे, आणि मोदक काकू झाकून ठेवतीलच. उशिरा ये, दुसऱ्या दिवशी ये, पण दिवसाउजेडी ये.

तुझा धाकटा काका