वाचता न आलेला आकडा

चि. सोनूस,

जालना एमआयडीसीतल्या मिलच्या लॅबमध्ये रुजू झालीस, स्पेक्ट्रोचे, म्हणजे पोलादातले घटक मोजणाऱ्या मशीनचे, रिपोर्ट तपासायला ऑक्टेव्हमध्ये स्क्रिप्टही लिहायला घेतलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. त्यातली एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

फाइलमधून येतो तो सगळा मजकूर असतो. ‘०.०३८’ हा तुला आकडा दिसतो, संगणकाला ती पाच अक्षरं. त्यांचा आकडा करायला ऑक्टेव्हमधलं स्ट्रटूनम हे फंक्शन वापरू नकोस. ते मजकूर आज्ञा म्हणून चालवतं. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका खेपेचा क्रमांक, ‘१२-०५’ दिलास तर वजाबाकी करून ७ हातात ठेवील. स्ट्रटूडबल वापर. पण ते स्वल्पविराम गाळून टाकतं, म्हणून जर्मन पद्धतीने छापलेला ०,२१ कार्बन २१ होतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते.

न भरणारी जास्त घातक. आकडा मोजण्याच्या कक्षेबाहेर गेला की काही मशीन ‘>०.१००’ असं छापतात. कुणी मराठी कळफलकावरून नोंद केली तर देवनागरी अंक येतात. दोन्हींचं स्ट्रटूडबल ‘नॅन’ करतं, म्हणजे आकडाच नाही. स्क्रिप्ट थांबत नाही, तक्रार करत नाही. आणि नॅन अमुकपेक्षा मोठा का, लहान का, दोन्हींपैकी काहीही विचार, उत्तर ‘नाही’.

आता तुझी अट बघ. सळयांच्या आयएस १७८६ या मानकाप्रमाणे ५००डी सळईत फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०४० टक्के चालतो. ‘०.०४० पेक्षा जास्त तर नापास’ असं लिहिलंस, तर ‘>०.१००’वाली, सगळ्यात वाईट हीट पास होऊन बाहेर पडेल! जालन्यात पोलाद भंगारातून होतं आणि इंडक्शन भट्टीत फॉस्फरस सहजी उतरत नाही. भंगारातून आला तो सळईत जातो, तिला ठिसूळ करतो. ती सळई कुणाच्या तरी स्लॅबमध्ये बसणार आहे गं.

म्हणून अट उलटी लिही: ०.०४० किंवा त्याहून कमी असेल तरच पास. नॅन आपोआप अडकेल. इसनॅन या फंक्शनने अशा हीट शोधून मूळ मजकुरासकट त्यांची वेगळी यादी काढ, त्यांचं सँपल मशीनवर पुन्हा स्पार्क करून मोजून घे. रात्रपाळीला गाडी भरायची घाई असते. ‘तिथे शून्य टाक’ असं कुणी म्हणालं तरी टाकू नकोस. ते शून्य कोणत्याही मशीनने मोजलेलं नाही.

जुन्या एका फाइलमध्ये मुद्दाम दोन-तीन अशा ओळी घालून स्क्रिप्ट चालव आणि काय आलं ते मला कळव.

तुझा,
मामा