सही माझी, पासवर्ड त्यांचा

जानेवारीतला सोमवार. सकाळी आठ-दहाला बारावीच्या २३ मुलांनी लॉगिन केलं आणि २३च्या २३ पडद्यांवर एकच ओळ आली: मुदत संपली आहे, आपल्या ॲडमिनशी संपर्क साधा. सगळी मुलं माझ्याकडे वळली. संगणक विभागप्रमुख मी, तेव्हा ॲडमिन मीच असणार, असा त्यांचा समज. तीन वर्षं माझाही तोच समज होता.

प्रॅक्टिकल नऊ दिवसांवर आलेलं. सीबीएसईचं ०८३, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, शिकवणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. ३० पैकी रिपोर्ट फाइलचे ७ आणि प्रोजेक्टचे ८, म्हणजे निम्मे गुण त्या ओळीमागे कुलूपबंद.

मुलं ज्यावर काम करायची ते सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. करार व्हायचा होता तेव्हा हा गृहस्थ आठवड्यातून दोनदा स्टाफरूममध्ये चहाला असायचा. "मॅडम, टेन्शन घेऊ नका मॅडम, डेटा एकदम सेफ आहे. सरांकडून रिन्यूअलचं तेवढं करून घ्या, पाच मिनिटांत चालू करतो." मी म्हटलं, निदान मुलांच्या फाइली तरी उतरवून द्या. "ते पॉलिसीत बसत नाही मॅडम." आवाजातला गोडवा तसूभर कमी झाला नाही, याचाच मला जास्त राग आला. इकडे चेकवर दोन सह्या लागतात आणि त्यातले एक विश्वस्त मुलीकडे न्यू जर्सीला गेलेले.

कराराची प्रत कपाटातून काढली आणि उभ्याउभ्याच वाचली. ॲडमिन म्हणून दिलेला ईमेल कंपनीच्याच डोमेनवरचा. माझ्याकडे होतं ते 'शिक्षक' खातं. त्यातून मुलांचे पासवर्ड बदलता यायचे, काम तपासता यायचं, उतरवून घेता यायचं नाही. पोरांनी तीन वर्षांत लिहिलेली एकूण एक ओळ भाड्याच्या खोलीत, आणि किल्ली घरमालकाकडे. शेवटच्या पानावर 'सर्व सुविधा तपासून मिळाल्या', त्याखाली माझी सही. ती कशी झाली तेही आठवलं. जूनमधली प्रवेशाची गर्दी, मी प्रिन्सिपॉल सरांचा प्रिंटर उघडून अडकलेला कागद ओढत होते, आणि बाजूने पान सरकलं. "इथे एक करा मॅडम." केली. अंगठ्याला लागलेल्या टोनरचा डाग त्या पानावर अजून आहे.

आता कोणी म्हणेल, तेव्हा बोलला का नाहीत? बोलले होते. संस्थेच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं की बोर्डाला लागतं ते सगळं फुकट मिळतं. पायथन फुकट, मायएसक्यूएल फुकट, खालच्या वर्गांचं स्क्रॅच फुकट. पैसे घालायचेच तर लॅबच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदला, लाइट गेली की दोन मिनिटंही तग धरत नाहीत. सचिव म्हणाले, "मॅडम, फुकटचं दाखवून पालकांकडे फी मागता येत नाही." सगळे हसले. इतिवृत्तात माझं एक वाक्य नाही. जानेवारीत तेच सचिव, तेच टेबल: "पण सही तर तुमचीच आहे ना?"

मुलांचं काय झालं ते सांगताना अजून कान गरम होतात. लॅबमध्ये पेनड्राइव्हला बंदी, व्हायरसमुळे, आणि ती घातलेली मीच. दिवाळीआधी दोघांचे पेनड्राइव्ह जप्त करून ड्रॉवरमध्ये टाकले होते. त्यातल्या एकात नुसती गाणी. दुसऱ्यात तिघांच्या गटाचा अख्खा लायब्ररीचा प्रोजेक्ट, दर आठवड्याची वेगळी प्रत, नावापुढे तारीख घातलेली. त्याच मुलाला मी वर्गासमोर 'नियम तुझ्यासाठी नाहीत का?' म्हणून झापलं होतं. पेनड्राइव्ह परत देताना तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बाकीच्यांनी जुन्या प्रिंटांवरून आणि वहीवरून पंधरा-पंधरा प्रोग्राम पुन्हा टाइप केले, प्रोजेक्ट आठवतील तसे उभे केले. संध्याकाळी साडेसहापर्यंत लॅब उघडी. आमचे शिपाई मामा किल्ल्या घेऊन दारात बसून राहायचे. त्याचा मोबदला त्यांना मिळाला नाही. प्रॅक्टिकल संपल्यावर, फेब्रुवारीत, संस्थेने पैसे भरले. पाच मिनिटांत चालू झालं, शब्दाला जागले.

खासगी शाळेत हे पद नव्याने घेणाऱ्यांनी एक करा: कोणतंही सॉफ्टवेअर येवो, पहिल्याच दिवशी विचारा की मुख्य ॲडमिनचा ईमेल कोणाचा. तो शाळेच्या डोमेनवरचाच हवा, तुमच्या खासगी जीमेलवरचाही नको, कारण उद्या तुम्ही सोडून गेलात तर तुमच्या जागी येणारीचे हेच हाल. शाळेचं डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही बघा; आमचं निघालं वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर. ॲडमिन दोघं ठेवा आणि पासवर्ड बंद पाकिटात प्रिन्सिपॉलच्या कपाटात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुलांकडूनच फाइली उतरवून घ्या, स्क्रॅचची .एसबी३, पायथनची .पीवाय, शाळेच्या हार्डडिस्कवर. उतरवता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका, डेमो कितीही चकाचक असो.

डिलिव्हरी चलनावर सही करावीच लागली तर वर स्वतःच्या हाताने 'तपासणीच्या अधीन' लिहा. लोक तोंड वाकडं करतात, करू द्या. बैठकीत बोललात तर त्याच संध्याकाळी तेच ईमेलने पाठवा. मुलांची नावं, जन्मतारखा, फोटो कंपनीला देण्याआधी २०२३चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा सचिवांच्या टेबलावर ठेवा. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि पालकांची संमती लागते. आमच्याकडे एकाही पालकाला विचारलं नव्हतं. बाकी नेहमीचंच: डोकं शांत ठेवा, सगळ्याची नोंद ठेवा, सहकाऱ्यांशी जुळवून घ्या. प्रिंटर मात्र शक्यतो दुरुस्त करू नका. एकदा केलात की जन्मभर तुमचाच.

गेल्या महिन्यात सचिवांनी एआय शिकवणाऱ्या नव्या कंपनीचं माहितीपत्रक पाठवलं, 'बघून घ्या मॅडम'. मी ईमेलने दोन प्रश्न लिहून पाठवले: ॲडमिन कोण, आणि करार संपल्यावर मुलांचं काम कसं परत मिळणार? त्यानंतरच्या बैठकीचं मला बोलावणं नव्हतं. पीटीचे सर जाऊन आले. डेमो छान होता म्हणाले.