मुख्याध्यापक आणि किल्ल्यांचा जुडगा

द्विशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक प्रथम वर्गशिक्षक असतो. दोन इयत्तांचे अध्यापन सांभाळून त्यास आवक-जावक नोंदवही, किर्द, पोषण आहाराच्या धान्याचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त आणि वरून मागविली जाणारी माहिती ही सर्व कामे पाहावी लागतात. ही माहिती बहुधा त्याच दिवशी हवी असते! हा भार खरा आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. तथापि त्यातील काही भाग मुख्याध्यापकाच्या स्वतःच्या समजुतींनी त्याच्या अंगावर टाकलेला असतो. तेवढ्याच भागाचा विचार येथे कर्तव्य आहे.

जो जबाबदार, त्यानेच प्रत्येक काम स्वहस्ते केले पाहिजे, ही त्यांतील सर्वांत बळकट समजूत होय. तांदूळ मोजून देण्यासाठी गुरुजी वर्गाबाहेर जातात, तेव्हा तिसरी-चौथीची मुले फळ्यावरील उदाहरणे उतरवीत बसतात. ती तपासणारा कोणी नसतो. आठवड्यातून पाच-सहा वेळा अशी वीस-वीस मिनिटे गेली, तर महिन्याकाठी वर्गाचे सात-आठ तास जातात. ज्या मुलास भागाकारातील बाकी समजलेली नसते, त्याची हानी या तासांतच होते. गुरुजी मात्र दिवसभर राबलेले असतात, त्यामुळे आपले काही चुकते असे त्यांस वाटण्याचे कारणच उरत नाही.

या समजुतीचे रूप पाहावयाचे असेल, तर शाळेतील पुस्तकांचे कपाट पाहावे. पुस्तके संग्रह नोंदवहीत चढलेली असतात, कपाटास कुलूप असते आणि किल्ली मुख्याध्यापकाच्या जुडग्यात असते. एखादे पुस्तक हरवले तर भरून कोण देणार, ही धास्ती मनात असते. परिणामी एकही पुस्तक हरवत नाही आणि एकही वाचले जात नाही. वापराने फाटलेली पुस्तके रीतसर निर्लेखित करता येतात. न वाचता मोठ्या झालेल्या मुलांसाठी तशी कोणतीच तरतूद नाही. भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही येथे आपल्याकडे पाहावे. ते मोजणी करतात ती पुस्तकांची, वाचकांची क्वचितच. आणि प्रत्येक प्रश्न मुख्याध्यापकासच विचारून त्याची समजूत अधिक घट्ट करतात.

दुसरी समजूत संकोचाची आहे. सहशिक्षक वयाने वडील अथवा पदवीने वरचढ असला, की ‘आपण त्यांस काम कसे सांगावे?’ असे मुख्याध्यापकास वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पुरे झालेले नव्हते, आणि काही काळ त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले होते. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह चालू केले, आणि १९३५ साली तेथेच शिक्षक घडविणारे विद्यालय काढले. आपल्याहून अधिक शिकलेल्या माणसांकडे काम सोपविण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. वसतिगृहातील स्वयंपाकासारखी कामेही मुलांनीच करावीत, अशी तेथील रीत होती.

काम सोपविताना ते त्यातील निर्णयासह सोपवावे. सहशिक्षिकाबाईंकडे धान्याचा हिशेब दिला आणि रोज सायंकाळी पोती पुन्हा मोजली, तर काम दिले असे होत नाही. बाईंना मात्र अविश्वास जाणवतो. आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून वही पाहणे पुरेसे आहे. पालकांच्या बाबतीतही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरविले आहे. पुष्कळ ठिकाणी या माता केवळ सहीपुरत्या बोलाविल्या जातात. घरचे धान्य निवडून, मोजून वर्षभर पुरविणाऱ्या स्त्रीस आहाराची प्रत समजत नाही, असे कोण म्हणेल?

सर्वच कामे सोपविण्याजोगी नसतात. धनादेशावरील सही, शाळा सोडल्याचा दाखला आणि मुलाच्या सुरक्षिततेविषयीची तक्रार ही मुख्याध्यापकानेच पाहावयाची. त्यांसाठी त्यास वेळ व शांत चित्त हवे, म्हणूनही बाकीची कामे हातावेगळी होणे अगत्याचे आहे.

प्रारंभ पुस्तकांच्या कपाटापासून करावा. कपाटाची किल्ली जुडग्यातून काढून चौथीतील दोन मुलांकडे द्यावी. देवघेवीची साधी वही त्यांनीच आखावी. पहिल्या शनिवारी नोंदींत चुका आढळतील आणि एखादे पुस्तक कोणाच्या तरी घरी राहिलेले असेल. मुलांसमवेत बसून त्या नोंदी दुरुस्त कराव्यात, पुस्तकाचा निरोप धाडावा. किल्ली परत घेऊ नये.