वाचकसर्वेक्षणातील नमुनानिवड : भिवंडीच्या निमित्ताने

मराठी वाचकाविषयी आपल्याकडे विधाने फार होतात. त्यांमागे मोजदाद क्वचितच असते. ‘भिवंडीतील यंत्रमाग कामगार आणि मराठी वाचन’ हा विषय एखाद्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी घेतला, असे समजू. त्याची पहिली अडचण प्रश्नावलीची नाही, यादीची आहे.

ज्या सर्वांविषयी निष्कर्ष काढावयाचा ती समष्टी. तिच्यातून प्रत्यक्ष तपासावयाचे मोजके घटक म्हणजे नमुना. आणि ज्या यादीतून ते निवडावयाचे ती नमुनाचौकट. ग्रंथालयाची सभासदयादी घेतली, तर न वाचणारा आधीच वगळला जातो. मतदारयादी घेतली, तर उत्तर प्रदेश, बिहार वा तेलंगणातून आलेला आणि नाव गावीच राहिलेला कामगार सुटतो. कारखान्यांच्या नोंदी पाहाव्यात, तर १९४८ च्या कारखाना अधिनियमाने विजेवर चालणाऱ्या कारखान्यास १० कामगारांची मर्यादा घातली होती. तिच्या खालचे लहान कारखाने सहसा त्या नोंदीत येतच नसत.

अशा वेळी यादी स्वतः तयार करावी लागते. वस्त्यांचे नकाशे घेऊन गल्लीसमूह पाडावेत, त्यांतून काही चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि तेवढ्यांतीलच खोल्या व कामगार नोंदवावेत. हा समूह नमुना होय. नोंदलेल्या कामगारांचे मातृभाषेनुसार मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू असे गट पाडून प्रत्येकातून निवड केल्यास तो स्तरित होतो. मात्र एकाच खोलीत दिवसपाळी व रात्रपाळीचे कामगार आळीपाळीने झोपतात. केवळ दुपारी गेलेल्या संशोधकाला निम्मेच भेटतील, तेही झोपेतून उठवलेले! खाणावळीत जेवणाच्या वेळी गाठणे सोयीचे खरे. पण तो सोयीचा नमुना, यादृच्छिक नव्हे.

‘नमुना मोठा घेतला की झाले’ हा समज विद्यार्थ्यांत दृढ आहे. साध्या यादृच्छिक निवडीत ९५ टक्के विश्वासपातळी व ५ टक्के त्रुटिमर्यादेसाठी सुमारे ३८५ व्यक्ती पुरतात. समूह नमुन्यात अधिक लागतात. सदोष यादीला मात्र कोणतीही संख्या पुरत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’कडे २० लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या, तरी त्याचे भाकीत चुकले आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पत्ते मुख्यतः दूरध्वनीधारक व मोटारमालकांच्या याद्यांतले होते. शिवाय बहुतेकांनी उत्तरच पाठविले नव्हते.

सरासरीविषयी एवढेच. पाच कामगारांनी वर्षात अनुक्रमे ०, ०, १, २ आणि ४७ पुस्तके वाचली, असे समजा. मध्यमान १० येते, मध्यगा १. पाचांपैकी एकही कामगार दहाच्या आसपास नाही. प्रबंधात दोन्ही आकडे द्यावेत आणि त्या ४७ पुस्तकांच्या वाचकाची मुलाखत स्वतंत्रपणे घ्यावी.